पिवळं अस्तर

पुणे, ४ ऑगस्ट २०२४

प्रिय अश्वजित,

तुला, सुमनला जय भीम.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. मागच्या वेळी मी अर्धा तास घसा फोडला, तू नुसता "हो, हो" करत राहिलास, आणि शेवटी सुमन म्हणाली, "ताई, त्याईले काहीच ऐकू नाही आलं." अठ्ठावीस वर्षं राइस मिलच्या यंत्रापाशी उभा राहिलास आणि कान तिथेच ठेवून आलास. मोबाइलवर लिहिलं तर तू उत्तराला एक अंगठा पाठवतोस. म्हणून कागद घेतला. मलाही बरं, हाताला काहीतरी काम.

हाताला काम नाही, हे तुला सांगून टाकते, बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. मार्चपासून एक चित्र पुरं झालेलं नाही. सकाळी कॅनव्हासला अस्तर देते, संध्याकाळी खरवडून काढते. मधल्या वेळात स्टुडिओत फेऱ्या मारते. परवा खालच्या मजल्यावरच्या बाई येऊन विचारून गेल्या, घरात कुणी आजारी आहे का म्हणून.

कारण एक पुस्तक आहे. वेर्लेकर सर आठवतात ना, मुंबईच्या कॉलेजातले माझे सर? ते गेल्यावर केळुसकर नावाच्या माणसाने त्यांच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात दोन पानं माझ्यावर आहेत. म्हणतो, रत्नमाला गजभिये यांचा जो लाल रंग दिल्लीपासून पॅरिसपर्यंत नावाजला गेला, तो मुळात वेर्लेकरांचा. लालाच्या खाली पिवळं अस्तर द्यायचं, म्हणजे लाल आतून पेटतो, ही सरांची युक्ती. गावाकडून आलेल्या एका मुलीच्या हातात त्यांनी ती ठेवली आणि तिने तिच्यावर पस्तीस वर्षं काढली. "गावाकडून आलेल्या एका मुलीच्या." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही रे. जेवताना, आंघोळ करताना, तेच.

सरांनी मला पुष्कळ शिकवलं, नाही म्हणत नाही. पण हे मी घरून घेऊन गेले होते. त्याचा पुरावा तुझ्या घरात आहे. १९८३ मध्ये दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाटक होतं, त्यासाठी चिंधूकाकांच्या हाताखाली आपण रंगवलेला जंगलाचा पडदा. लाल पळसाचं बन. मी चौदा वर्षांची होते, तू अकराचा. सर मला त्यानंतर पाच वर्षांनी भेटले. काका गेल्यावर पडदा तुझ्याकडे आला, तो अजून आहे ना?

जानेवारीत मुंबईला माझ्या आजवरच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन आहे. पहिल्या भिंतीवर तो पडदा लावायचा आणि केळुसकरला त्याच्यासमोर उभं करायचं. मग त्याला काय बोलायचं ते बोलू दे. ऑक्टोबरपर्यंत पाठव. घडी घालू नकोस, बांबूवर गुंडाळ.

तुझी,
ताई


मोहाडी, १७ ऑगस्ट २०२४

ताईले जय भीम.

तुह्यं पत्र आलं तं पोस्टमन दारातच उभा राह्यला. म्हणे, "गजभिये, कोर्टाचा कागद तं नाही ना?" हातानं लिहिलेलं पाकीट आता कोण पाठवते बाप्पा. सुमननं पहिले वाचलं, मंग मले देल्लं.

पडदा आहे. माळ्यावर पोत्यात बांधून ठेवला आहे, चिंधूकाका गेले तेव्हापासून. त्या पुस्तकवाल्याले एक दिवस इकडे पाठव. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात रोवणं कराले उभा करतो, मंग त्याले समजन गावाकडची पोरगी काय असते ते.

आमचं रोवणं आता सरत आलं. ते झालं का पडदा खाली काढतो. सुमन म्हणते, आपल्या घरची वस्तू एवढ्या मोठ्या ठिकाणी जाऊन राहिली, तं नीट गेली पाहिजे, त्याले उंदराच्या मुताचा वास येते. मी म्हटलं, तू पाह्य काय करायचं ते.

तू काहून एवढी घोर करतेस? जेवत जाय. रंग खरवडून कोणाचं पोट भरलं आजपर्यंत?

तुह्या,
अश्वजित


पुणे, १२ सप्टेंबर २०२४

अश्वजित,

तीन आठवडे झाले, तुझं काही नाही. पडदा काढलास का? मुंबईची माणसं रोज विचारतात, लांबी किती, रुंदी किती, भिंत मोकळी ठेवायची का. मी ठेवायला सांगितली आहे. छापायच्या पुस्तिकेत फोटो हवाय. अंगणात पसर आणि गल्लीतल्या कुणालाही मोबाइलवर एक काढायला सांग, वाकडा आला तरी चालेल.

झोप लागत नाही. कालपासून पांढऱ्याशिवाय दुसरी ट्यूब उघडली नाही. तू लवकर लिही.

ताई


मोहाडी, २२ सप्टेंबर २०२४

ताई,

उशीर झाला, माफ कर. पाणी सुरू आहे, हवा दमट आहे. अशात पडदा उघडला तं रंगाचे पापोडे निघतीन, म्हणून फोटो नाही काढला. पडदा ठीक आहे. तू काळजी नको करू.

सहज एक विचारतो. त्या पडद्यात झाडं नऊ होती का अकरा, तुले आठवते का? आन् आभाळाले आपण नुसती नीळ मारली होती, का त्याच्यात काही कालवलं होतं? बसल्या बसल्या सुमनशी बोलणं निघालं म्हणून विचारलं. आठवलं तं लिहिजो. नाही आठवलं तरी काही नाही.

सुमनची तब्येत जराशी नरम आहे. विशेष काही नाही.

अश्वजित


पुणे, ३ ऑक्टोबर २०२४

अरे अश्वजित,

तुझं पत्र वाचलं आणि किती महिन्यांनी मी एका जागी बसले. तुला हे सगळं आठवावंसं वाटलं, मला बरं वाटलं. मला वाटायचं, तू ते केव्हाच विसरलास.

झाडं अकरा. डावीकडे सात, उजवीकडे चार, मधून वाट, कारण नाटकातला डाकू त्या वाटेने यायचा. आभाळ जांभळं. निळीत काकांनी थोडा लाल हिंगूळ टाकला होता, ते "पुरे गं" म्हणाले तरी मी आणखी टाकला. सरस वितळवताना घाण वास सुटायचा आणि तू नाक दाबून ढवळायचास. मिलच्या जुन्या गोडाऊनची जमीन, खाली पसरलेला मांजरपाट, आणि आपण दोघं अनवाणी त्याच्यावर.

आणि पिवळं अस्तर. तेच तर सगळ्यात महत्त्वाचं. सगळे पडदेवाले पांढरं अस्तर देतात, काकाही देत. मी त्यांच्याशी भांडून पिवळी पेवडी लावली. अंधारात बसलेल्या शेवटच्या माणसाला लाल दिसला पाहिजे, म्हणून. मुलाखतींमधून शंभरदा सांगितलंय मी हे. केळुसकरने त्यातलं एक वाक्य घेतलं नाही.

एक खरं सांग. उंदरांनी कुरतडलाय का? कुरतडला असेल तर लपवू नकोस, भोकं चालतील. एक हातभर तुकडा उरला असला तरी माझं काम होईल. पण लवकर कर रे, माझा धीर सुटत चाललाय.

ताई


मोहाडी, १० नोव्हेंबर २०२४

ताई,

मी तुले खोटं लिहिलं. पडदा ठीक नव्हता. उंदरानं कुरतडला असता तं मी त्याचे पाय धुतले असते. पडदा राह्यलाच नाही, नुसतं कापड राह्यलं.

पंचवीस ऑगस्टले सुमन आन् शेजारची लीलाबाई तो धुवाले बोडीच्या तळ्यावर घेऊन गेल्या. तुले आपल्याकडचं माहीत आहे, पाहुण्याची चादर असो का लग्नातलं पातळ, घरून कापड जाते तं धुऊन जाते. मळकं पाठवलं तं लोक नाव ठेवतेत. त्याईले वाटलं, लुगड्यासारखा पक्का रंग असन. दोघीनं साबणाचा चुरा लावून दगडावर चांगला आपटला. लीलाबाई सांगत होती, बोडीचं पाणी पहिले लाल झालं, मंग निळं, आन् सगळ्यात शेवटी पिवळं. मी वावरातून धावत गेलो तेव्हा दोघी जणी पदर तोंडाले लावून काठावर बसल्या होत्या आन् कापड काट्याच्या कुंपणावर वाळत होतं, पांढरंशुभ्र.

सरसात कालवलेला रंग पाण्यात किती टिकन? मले हे माहीत होतं. सुमनले नव्हतं माहीत. "तू पाह्य काय करायचं ते" असं मीच म्हटलं होतं, त्याच्यामुळे दोष माह्या आहे. सुमननं दोन दिवस भाकर नाही खाल्ली. अजून तुह्यं नाव निघालं का उठून अंदर जाते.

मले काही सुचे नाही. मंग मी भंडाऱ्यावरून पेवडी आणली, हिंगूळ आणला, नीळ आणली, सरस आणला. मिलवाल्यानं गोडाऊन देल्लं. तुले सहज म्हणून विचारून घेतलं आन् पंधरा दिवस कापडावर वाकून तसाच पडदा रंगवला. अकरा झाडं, मधून वाट. कंबर गेली माही. यंदा मंडईच्या नाटकाले गेलो होतो. ऐकू येत नाही, मी पडदे पाहाले जातो. आता ते फ्लेक्सवर छापून आणतेत, जंगल कोठचं आहे तेच समजत नाही. तिथं बसल्या बसल्या ठरवलं का तुले खरं सांगून टाकायचं.

अजून एक आहे. लिहू का नको, याच्यात आठ दिवस गेले. तू लिहिलं का पिवळं अस्तर तू काकाशी भांडून लावलं. ताई, तू तेव्हा नव्हती. तीन दिवस तापानं फणफणून घरी पडली होती, आई मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवे. दिवाळीची दुकानं बंद, आन् पांढरा संपला होता. काका म्हणे, "पोट्ट्या, पेवडी आहे ना, तेच फिरव." मी फिरवली. भांडण तुह्यं झालं होतं, पण ते नंतर, फुलाच्या टायमाले. काका म्हणे गेरू मार, आन् तू हिंगूळच पाहिजे म्हणून अडून बसली. हे मी तुले टोचाले नाही लिहून राह्यलो. हात कसा चालला ते सांगतो. अस्तर माह्या हाताले पाठ होतं.

पडदा ट्रान्सपोर्टनं पाठवला आहे. कापड तेच आहे, त्र्याऐंशीचं. कोणी नख लावून पाहणार नाही. तू लाव आन् काही बोलू नको. आमच्या तोंडून मरेपर्यंत निघणार नाही.

अश्वजित


पुणे, २० नोव्हेंबर २०२४

अश्वजित,

पडदा पोचला. जमिनीवर पसरला आणि दिवसभर त्याच्या भोवती चालत राहिले.

सुमनला सांग, माझा तिच्यावर राग नाही. मी तिच्या जागी असते तर मीही धुतलाच असता. तिला जेवायला लाव.

राग तुझ्यावर आहे. एक्केचाळीस वर्षं तोंड शिवून बसलास आणि नेमकं आत्ताच तुला पिवळं आठवलं? केळुसकर म्हणतो, माझा रंग सरांचा. तू म्हणतोस, तुझा. म्हणजे माझं काय आहे? पंचावन्न वर्षांची झाले मी. भाड्याच्या खोल्यांतून, उपाशी, लोकांची बोलणी खात एवढं काम केलं, ते कुणाकुणाच्या उरलेल्या रंगावर? तुलाही तुझा वाटा पाहिजे असेल तर सरळ सांग, ही आडवळणं नकोत.

पडदा चांगला झालाय. हे लिहिताना माझा हात जड होतोय, पण झालाय. माझ्या प्रदर्शनात तो लागणार नाही.

रत्नमाला


मोहाडी, १ डिसेंबर २०२४

ताई,

पत्र भेटलं. सुमनले नाही दाखवलं. मनाशी म्हटलं, तुले लिहाले वेळ नसन, घाईघाईत लिहिलं असन.

मले वाटा नाही पाहिजे. मी मिलमध्ये होतो, आता वावरात आहो, माहं बरं चाललं आहे. एक्केचाळीस वर्षं काहून नाही सांगतलं, तं कोणी विचारलंच नाही, आन् मले त्याच्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. पेवडी फिरवली म्हणजे भिंत सारवली, एवढंच मी समजत होतो. तुह्या मुलाखती आमच्याकडे येत नाहीत.

तू विचारलं, माझं काय आहे. ते मले माहीत आहे, कारण मी तिथं होतो. चौथ्या दिवशी तू आईची शाल पांघरून गोडाऊनमध्ये आली. सारा पडदा पिवळा पाहून मले वाटलं, आता ताई मारते. काका म्हणत होते, दुकान उघडलं का याच्यावर पांढरा मारू. तू सरळ रंगापाशी गेली. हिंगुळाचं डबडं उचललं आन् पिवळ्यावर एकच फूल काढलं. मंग पार दाराजवळ गेली, तिथून पाह्यलं, आन् हसली. काकाले म्हणाली, "पांढरा नको." ताप होता तुह्या अंगात, डोळे लाल होते.

मी पिवळा मारला कारण पांढरा नव्हता. तू त्याच्यावर लाल मारला कारण तुले काही तरी दिसलं. मले अजून दिसत नाही. यंदा पडदा रंगवताना मी दहा वेळा दाराजवळ जाऊन पाह्यलं, पण मी तं तू केलं तसंच करत होतो. तुह्यं काय आहे ते हे आहे. याच्यात त्या सराचं काही नाही आन् माहंही नाही.

पडदा लावू नको. वापस पाठवला तरी चालते, धानाच्या ढिगावर झाकाले कामी येईन. पण तू काम कर. नुसती फिरत राहू नको, पाय दुखतीन.

तुह्या,
अश्वजित


मुंबई, १९ जानेवारी २०२५

प्रिय अश्वजित,

तुला, सुमनला, लीलाबाईंना जय भीम.

तुझं पत्र आलं आणि मी उत्तर दिलं नाही, याची लाज वाटते. आधीचं पत्र त्याहून वाईट होतं. मी फार वाकडं बोलले तुला. माफ कर.

तू लिहिलेलं सगळं खरं आहे. शाल आठवली. दाराजवळून पाहिलेलं आठवलं, काकांचा चेहरा आठवला. अस्तर देतानाचं मात्र कितीही डोकं खाजवलं तरी काही आठवत नाही, कारण मी तिथे नव्हतेच. पहिल्यांदा कुणाला तरी सांगताना ते माझ्या तोंडून असं आलं असेल, ऐकणाऱ्याला आवडलं असेल, मग पुन्हा सांगितलं. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं. केळुसकरवर मी चिडले होते, पण खोटं मीही सांगत होते रे, नुसती त्र्याऐंशीची तारीख खरी होती.

डिसेंबरात तीन चित्रं पुरी झाली. खरवडली नाहीत.

प्रदर्शन परवा उघडलं. पडदा पहिल्याच भिंतीवर आहे. इथल्या लोकांनी हरकत घेतली, प्रदर्शन तुमचं आणि पहिलं काम दुसऱ्याचं कसं? मी म्हटलं, तसंच लावायचं, नाहीतर माझी चित्रं उतरवा. खाली पाटी आहे: "जंगलाचा पडदा. कापड १९८३, रंग २०२४. अश्वजित गजभिये, मोहाडी, जिल्हा भंडारा."

केळुसकर आला. वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे वयाने, आणि सभ्य आहे. पाटी न वाचता तो पडद्यापुढे उभा राहिला. बराच वेळ. मी मागे उभी होते. शेवटी वळून म्हणाला, "हाच का तो त्र्याऐंशीचा?" हातात वही, वहीवर पेन. नुसतं "हो" म्हटलं असतं, तर त्याच्या पुस्तकातली दोन पानं तिथल्या तिथे खोटी ठरली असती. तू आणि सुमन कधी बोलला नसता, तेही मला माहीत होतं. अश्वजित, मला ते "हो" म्हणायचं होतं. तुला खोटं कशाला सांगू.

मी म्हटलं, "नाही. गेल्या ऑक्टोबरातला आहे. माझ्या भावाने रंगवलाय."

तो जरासा हसला. त्याला वाटलं, मी हरले. मग पडद्याच्या अगदी जवळ गेला, एका झाडाशी डोळे लावले. "पण पिवळं अस्तर आहे," म्हणाला. "हे वेर्लेकरांचे विद्यार्थी होते?"

"नाही. राइस मिलमध्ये होते."

"मग हे कुणाकडे शिकले?"

"कुणाकडेच नाही. अकरा वर्षांचे असल्यापासून येतं त्यांना."

"आणि तुम्ही?"

"मी त्यांच्याकडे शिकले," मी म्हटलं. "लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं.

तुझी,
ताई